टिटवी मागं का फिरली?

१

देवघरात निरांजन लावून मी बेलाची पानं निवडत होते, तोच मागच्या दारातून नचिकेत आत आला. पायात चपला तशाच. हे पोरगं असं कधी करत नाही.

"काकू, घात झाला! आपला खेळ फुटला!"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"अरे देवा, सोमवार!" त्यानं कपाळावर हात मारला, मग पायांकडं बघून ओशाळला आणि चपला काढल्या. "बोलू नका. पण चला. वर बोलणारे लय हायेत, ऐकणारं कुणीच न्हाई."

श्रावणातल्या सोमवारी महादेवाचं दर्शन होईपर्यंत माझं मौन असतं. चिठ्ठीसुद्धा लिहीत नाही. सासूबाई म्हणायच्या, हातानं केलेली बडबड ती बडबडच. पण मौनात शेजारी जायला बंदी नाही. नचिकेतचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. बेलाची ताटली झाकली आणि निघाले.

पूर्णा जंक्शनच्या आमच्या गल्लीत नचिकेतच्या वडिलांची, गोविंदरावांची माडी सगळ्यांना माहीत आहे. तिथं चार मुलं मिळून कितीतरी वर्षांपासून एक खेळ बनवतायत. कंप्युटरवर खेळायचा. नाव 'ध्रुवापल्याड'. एक लहानसं जहाज तुमच्या हाती येतं आणि पुढं अख्खं आकाश मोकळं. वाटेल त्या ग्रहावर उतरा, माल पोचवा, आकाशातल्या चाच्यांशी लढा. लढाईगणिक तुमचा वैमानिक शहाणा होतो, जहाज बळकट होतं. कुठं जायचं, कसं जायचं, कुणी सांगत नाही. जहाजाला फक्त एक आवाज आहे, आणि तो माझा. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा नचिकेतला न ओरडता धोका सांगणारी बाई हवी होती म्हणे. तेव्हापासून ब्रह्मांडात कुठंही तोफा धडधडल्या की मी हळूच सांगते, "ढाल संपायलीय बाळा, जरा सांभाळून."

शुक्रवारी हा खेळ सगळ्या जगासाठी खुला व्हायचा होता. त्यात आकाशाच्या अगदी टोकाला एक निळा गड आहे. त्या गडाच्या आत काय, हे चौघांपलीकडं कुणाला ठाऊक नव्हतं. मी जहाजाचा आवाज, पण मलाही नाही.

"बघा," माडीवर पोचताच नचिकेतनं मला खुर्चीवर बसवलं. "काल दुपारी कुणीतरी हा व्हिडिओ आपल्या खेळाच्या पानावर टाकला. सकाळपर्यंत गावोगावचे लोक बघून मोकळे झालेत."

पडद्यावर एक लाल जहाज तळावरून सुटलं. त्याच्या शेपटाला एक तांबडा ठिपका जळत होता. वाटेत आकाशात उभी असलेली एक कमान आली, तिच्यावर लाल दिवा. जहाज थांबलं. दिवा हिरवा झाला तसं हळूच पुढं सरकलं. मग चाचे आले. एक टोळी चुकवावी तर दुसरी पाठीशी लागावी. माझा आवाज सारखा सांगतोय, ढाल संपायलीय, ढाल संपायलीय; आणि खुर्चीत बसून मीच पदर घट्ट धरलाय!

शेवटी गड दिसला. काळाभोर, गुळगुळीत, गोल. बुडातून एक पन्हळ बाहेर आलेली आणि तिच्यातून निळी धार आकाशात सांडतेय. गडाचं दार त्या धारेच्या अगदी पलीकडं. जहाज गडाला उजवीकडं ठेवून कडेकडेनं धारेपाशी आलं.

आणि थांबलं.

आता एवढीशी धार ओलांडली की दार. पण जहाज गर्रकन मागं वळलं, आल्या वाटेनं चाच्यांच्या तोंडात परत घुसलं, लढत लढत अख्ख्या गडाला उलटा वळसा घालून दुसऱ्या बाजूनं दाराशी पोचलं. ढाल जवळजवळ संपलेली. दार उघडलं. आत अंधार. एका स्टुलावर एक म्हातारा बसलेला, हातात हिरवा दिवा. तो खाकरला आणि म्हणाला, "सगळे आले का?"

तिथं व्हिडिओ संपला.

"हे माझं गुपित होतं," नचिकेत म्हणाला. "शुक्रवारच्या आधी हा म्हातारा कुणाला दिसायला नको होता. कुणालाच."

मी बोटानं त्या लाल जहाजाकडं खूण केली.

"टिटवी. खेळात लाल टिटवी एकच हाय." त्यानं मान वळवली. "हिची."

खिडकीपाशी अर्पिता आपलं सामान पिशवीत भरत होती.

२

"पुण्याची कंपनी खेळ बाहेर काढणार हाय," नचिकेत सांगत होता. "त्यांचा फोन आला. कुणी फोडला ते आजच्या आज सांगा आन त्याला काढा, न्हाईतर आमी ह्यातनं अंग काढतो. व्हिडिओ अर्पिताच्या मशीनवरून गेलाय, तिच्याच नावानं. आता मी काय करावं?"

"काय करणार? काढ की!" अर्पितानं पिशवीची चेन ओढली. "टिटवीला उडायला मी शिकवलं, चाच्यांना लढायला मी शिकवलं. आन शुक्रवारी खेळ खुलंल तवा त्यात माझं नाव न्हाई. वा रे न्याव!"

"तूच म्हणली होतीस ना, मीच दाखवते एक दिवस!"

"रागात म्हणले! म्हातारा जाहिरातीत दाखवा म्हणत होते मी, लोक त्याच्यासाठीच खेळ घेतील. तू माझ्यावरच खेकसलास. काल मी गावाकडं, झरीला मूग तोडायलते आईसोबत. इचार जाऊन."

"आईची साक्ष कोण धरतंय?"

अर्पिताचे डोळे भरले. ती माझ्याकडं वळली. "काकू, तुमी तरी काही बोला. व्हय की, तुमचं मौन. लय सोयीचं हाय."

शब्द लागला मला. पण खरं सांगते, त्या दिवशी मौनच कामी आलं. आपण गप्प बसलो की समोरच्याला ती शांतता सोसत नाही, तो आपल्या हातानं ती भरत सुटतो. मी सरळ जाऊन सिद्धोधनच्या शेजारी बसले.

सिद्धोधन पिंगळीचा. खेळातलं अख्खं आकाश त्याच्या हातचं. मी नुसतं त्याच्याकडं बघत राहिले, तर तो कसनुसा हसला.

"माझ्याकडं नका बघू काकू. मी खेळ काढतो, खेळत न्हाई. दोन गिरक्या घेतल्या की मला मळमळतं, ह्या पोरांना इचारा, एकदा कीबोर्डवरच..."

"नको नको, आठवण काढू नको!" मागून हरिओम ओरडला.

"गड मी काढला, खरं हाय. पिंगळीच्या टेशनजवळ लहानपणी एक पाण्याची टाकी बघितली होती, बुडातनं सदा धार लागलेली. तीच उचलून आकाशात ठिवलीय. आन ती धार म्हंजी अमृत बरं का. अर्पितानं असं करून ठिवलंय की धारेतनं गेलं की ढाल गच्च भरती. आमा चौघांबिगर कुणाला मालूम न्हाई."

मी हरिओमकडं वळले. खेळातले आवाज जमवणारा हा मुलगा. गळ्यात रुद्राक्ष, कपाळाला भस्म.

"मी काल देवळात होतो काकू. भजनाला. तुमी बघितलंच की."

बघितलं होतं. भजन जेवणाच्या आधीच संपलं होतं, तेही मला ठाऊक. मी नुसती बघत राहिले.

"म्हंजी भजन लवकर संपलं," त्यानं रुद्राक्ष बोटात फिरवला. "मग सभामंडपात जरा आडवा झालो. डोळा लागला. कुणी बघितलं का ते... न्हाई बघितलं. काकू, असं नका ना बघू!"

माडीची किल्ली खाली स्वयंपाकघरात खिळ्याला असते. रविवारी मुलं येत नाहीत, नचिकेतही दुपारभर बाहेर असतो, आणि अर्पिताचं मशीन कधी बंद नसतं, हे सगळ्यांना माहीत. म्हणजे येऊन बसणाऱ्याला अडवणारं काहीच नव्हतं.

खाली आले. गोविंदराव बाजेवर बसून शेंगा फोडत होते. रेल्वेत गार्ड म्हणून उभी हयात गेली. वहिनी गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. मी बसताच त्यांनी मूठभर शेंगा पुढं केल्या, मग "उपास न्हाई का," म्हणत मागं घेतल्या.

"सकाळधरनं वर आरडाओरड चाललीय. काय झालं म्हणून इचारलं तर साहेब म्हणले, तुमाला कळायचं न्हाई बाबा. बरं. नको कळू दे. मला तरी कुठं फुरसत हाय? मी त्या माडीची पायरी चढत न्हाई, गुडघे न्हाईत साथ देत. रेल्वेत चिकटला असता तर आज साहेब झाला असता. बसलाय चांदण्या मोजत."

टरफलं त्यांनी एका बाजूला लोटली.

"पर त्या पोरीला सांगा, जाऊ नको म्हणावं. तिचं डोकंबी तिच्या जहाजासारखंच, जरा डावीकडं ओढतंय. पर पोरगी इमानी हाय."

जिन्यावर पावलं वाजली. अर्पिता पिशवी घेऊन उतरत होती. मी उठून पिशवीचा पट्टा धरला. हाक मारता येत नव्हती, डोळ्यांनीच म्हणाले, थांब.

तिनं पट्टा सोडवला नाही, पण नजरही दिली नाही.

"झरीची गाडी दुपारी हाय काकू. तवर तुमचा महादेव बोलू देणार असंल, तर बोला काहीतरी."

३

देवळात जाताना मन ठिकाणावर नव्हतं. तोंडानं नामस्मरण, डोळ्यांपुढं लाल जहाज. कोपऱ्यावर फुलं विकणारी दगडाबाई म्हणाली, "आज उशीर केलाव काकू?" मी मान हलवली आणि आत गेले.

गर्दी होती. पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला. एकच मागणं मागितलं: त्या पोरीवरचा आळ खोटा असेल तर मला दिसू दे. खरा असेल तरी दिसू दे. मग प्रदक्षिणेला निघाले.

आमच्या देवळाचा दगड काळाभोर आहे. हात लावत लावत, गाभारा उजवीकडं ठेवून, मागून फिरून उत्तरेच्या बाजूला आले. तिथं गाभाऱ्यातलं तीर्थ बाहेर पडतं. दगडी पन्हळ, तिच्यातून पाण्याची बारीक धार. माझी पावलं थांबली, आपोआप मागं वळली आणि मी उलट्या वाटेनं चालू लागले.

चार पावलं गेले असेन. अंगावर सरसरून काटा आला.

मी का वळले? कुणी सांगितलं? कुणीच नाही. महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असते. तीर्थाची धार ओलांडायची नाही. तिथवर जायचं, मागं फिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा धारेपर्यंत यायचं. आईचं बोट धरून चालले तेव्हापासून हे पायांत भिनलंय. डोकं नसतं तिथं, पायच वळतात.

काळा, गोल गड. बुडातून निघालेली पन्हळ. सांडणारी धार. सिद्धोधनला ती टाकी दिसली. ज्यानं टिटवी उडवली त्याला पिंड दिसली! म्हणून जहाज धारेशी थांबलं, म्हणून चाच्यांच्या तोंडात परत गेलं, म्हणून उलटा वळसा. घाबरून वळलं नव्हतं ते. नेमानं वळलं होतं!

मी राहिलेली फेरी पुरी केली, नंदीला हात जोडले आणि धावत सुटले. माझ्या वयाला शोभत नाही, पण धावले.

"अवो काकू! चपला!" दगडाबाई मागून ओरडली.

"येताना नेते!" मी ओरडले. दिवसातला माझा पहिला शब्द तो, आणि तोही चपलांबद्दल.

दोन गल्ल्या ओलांडताना डोक्यात एकच नाव होतं. गळ्यात रुद्राक्ष, कपाळाला भस्म, आणि काल दुपारची झोप कुणी न पाहिलेली.

४

अर्पिता ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिचा हात धरला आणि तिला सरळ माडीवर नेलं.

"काकू, गाडी—"

"जाऊ दे गाडी. हरिओम, बस इथं."

तिघंही दचकले. ब्रह्मांडात सगळ्यांना हळूच सावध करणारा आवाज एवढा चढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"टिटवी घे आणि निळ्या गडाला जा. काय आणि का ते विचारू नको. नेहमी जातोस तसा जा."

हरिओमनं रुद्राक्ष सदऱ्याच्या आत सारला, जहाज वळवायचा दांडा धरला आणि निघाला. मी त्याच्या हातांवर नजर ठेवली. कमानीवर लाल दिवा होता. तो न थांबता सुसाट निघून गेला. दांड्याशी थोडी झटापट करत होता. चाचे फारसे आलेच नाहीत. बघता बघता गड आला. काळा, गोल. गडाच्या कडेनं टिटवी धारेपाशी आली. नचिकेतनं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तो पडद्याजवळ सरकला.

टिटवी सरळ धारेत घुसली. ढाल गच्च भरली. पलीकडं निघाली, दाराशी उभी.

"झालं," हरिओम म्हणाला. "आता काय करू?"

मी खुर्ची ओढून बसले. मग सगळं सांगितलं: देऊळ, पन्हळ, माझी वळलेली पावलं.

हरिओम आधी हसला, मग चिडला. "म्हंजी माझ्यावर वहीम होता व्हय? काकू, ती टाकी हाय! सिद्धूची टाकी! आन मला मालूम हाय धारेत ढाल भरती. मी कशाला वळतो?"

"हेच!" अर्पिता एकदम उभी राहिली. पिशवी खाली पडली. "काकू, हेच की! धारेत ढाल भरती हे चौघांना मालूम. वळला त्याची ढाल संपत आली होती. मालूम असतं तर कुणीबी आधी धारेत शिरला असता. म्हंजी तो चौघांतला न्हाईच!"

"तूच मुद्दाम वळली असशील," नचिकेत म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "दुसऱ्यावर जावं म्हणून."

मी हरिओमला म्हटलं, "परत एकदा दाखव. अगदी सुरुवातीपासून."

टिटवी पुन्हा तळावर आली. निघायच्या आधी हरिओमनं एक कळ दाबली. शेपटाचा तांबडा ठिपका विझला.

"थांब! हे काय केलंस?"

"मागचा दिवा बंद केला. तो लावून कोण जातंय काकू? चाच्यांना दुरून दिसतं. सिद्धूनं नुसता शोभेसाठी काढला, मग अर्पितानं त्याला चाचे जोडले. खेळायला बसलेला माणूस पयल्या फेरीतच शिकतो, दिवा बंद करायचा."

"आणि कमानीवरचा लाल दिवा? त्याला थांबावं लागतं?"

"कशाला? तोबी शोभेचाच."

मी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. शेपटाला तांबडा ठिपका, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्याच्यामुळं टोळीमागून टोळी आली, तरी विझवला नाही. मोकळ्या आकाशात लाल दिव्यापाशी थांबला, हिरवा होईपर्यंत हलला नाही.

"हा माणूस खेळात चांगला मुरलाय," मी म्हणाले. "एवढ्या लढाया त्यानं जिंकल्या. म्हणजे मागचा दिवा जीव घेतो हे त्याला कळलेलं असणार. कळूनही लावून ठेवतो. असा कोण असतो, जो जीव गेला तरी मागचा दिवा विझवणार नाही?"

तेवढ्यात जंक्शनवरून एक गाडी सुटली, तिची शिट्टी माडीपर्यंत आली.

"अर्पिता," मी विचारलं, "तुझी टिटवी कुठं ओढते का गं?"

"डावीकडं, जराशी. माझी चूक होती, पर सवय झाली म्हणून ठिवली. तुमाला कसं कळलं? पडद्यावर ते दिसतच न्हाई. दांडा हातात धरला तरच कळतं."

हरिओमनं मान डोलावली. "मघापासून तिच्याशीच झगडायलतो मी."

मी जिन्याकडं पाहिलं.

"चला खाली," म्हणाले. "आणि मी विचारीपर्यंत कुणी तोंड उघडू नका. घटकाभर तुम्ही मौन धरा."

५

शेंगा फोडून झाल्या होत्या. गोविंदराव चहाचं आधण ठेवत होते. आम्ही सगळे एका रांगेत आत शिरलो तसे ते म्हणाले, "काय बाई! वरात कुणाची?"

मी पाटावर बसले. नेहमीच्या आवाजात विचारलं, "भावजी, मागचा दिवा विझवून गेलं असतं तर चाललं नसतं का? चाचे तरी आले नसते."

"असं कसं चालंल?" ते चिमटा हातात घेऊन वळले. "मागचा दिवा न्हाई ती गाडी पुरी झालीच न्हाई! टेशनवाला काय बघतो? शेवटच्या डब्याचा दिवा. तो दिसला म्हंजी सगळी गाडी आली, मधीच काही तुटून ऱ्हायलं न्हाई. चाचे येतील न्हाईतर त्यांचा बाप येईल, गार्डानं दिवा इझवा—"

चिमटा हवेतच राहिला.

आधण उतू गेलं.

"बाबा?" नचिकेत म्हणाला. एवढाच शब्द, आणि तोही फाटलेला.

गोविंदराव खाली बघू लागले. "गुडघे दुखतात, हे खोटं न्हाई. पर रविवारी दुपारी जिना चढतो मी. हळूहळू."

"कधीपासून?"

"लय दिवसांपासून. पयल्यांदा गेलो ते तुझा पंखा चालू ऱ्हायला म्हणून. पडदा चालू होता, काकूंचा आवाज आला, 'निघायचं का बाळा?' म्हणलं निघू." त्यांनी डोळे पुसले की घाम, कळलं नाही. "एकदा निघालो ते निघालोच. त्या चाच्यांनी लय मारलं मला सुरुवातीला."

अर्पिता हसत होती आणि रडतही होती. "आन टिटवी डावीकडं ओढती, हेबी तुमीच..."

"मनगट धरतं बाई! नीट कर ते."

"आणि धारेपाशी?" मी विचारलं.

"ते वलांडवंना झालं. हात वळलाच आपला. महादेवाचं तीर्थ कसं वलांडावं? आकाशात झालं म्हणून काय झालं?"

सिद्धोधनच्या तोंडून एवढंच निघालं, "माझी टाकी..."

"मग व्हिडिओ कशाला टाकलाव?" नचिकेतचा राग कुठं गेला ते त्यालाच कळत नव्हतं. "सगळ्या दुनियेत गेला तो, बाबा! आन मी हिला घालवायलो होतो!"

"कसला व्हिडिओ?" गोविंदराव खरंच गोंधळले. "मी कुठं काय टाकलं? शेवटी त्या म्हाताऱ्यापाशी पोचलो तर खाली एक पाटी आली, 'मित्रांना दाखवा'. मला वाटलं आपल्या सितारामला जाईल, भुजंगला जाईल. आमच्या गाडीवरल्या दोस्तांना. दाबलं."

हरिओमनं डोकं धरलं. ती पाटी त्यानंच लिहिली होती. दाबली की फेरीचा व्हिडिओ खेळाच्या पानावर चढतो, जगातला कुणीही बघू शकतो. मित्र म्हणजे अख्खं जग, हे गोविंदरावांना कुणी सांगायचं?

"पण दाखवायचं काय होतं एवढं?" मी हळूच विचारलं. उत्तर मला आता माहीत होतं. पण ते मी देणं बरोबर नव्हतं.

गोविंदरावांनी मुलाकडं पाहिलं.

"तो म्हातारा माझ्यासारखा खाकरतो," ते म्हणाले.

"हरिओमनं तुमचंच खाकरणं घेतलंय," नचिकेत पुटपुटला. "तुमाला न सांगता. दाराआडून."

"दिवाबी माझ्यासारखाच धरतो. डाव्या हातात. आन 'सगळे आले का' हे..." ते थांबले. ड्युटीवरून आले की उंबऱ्यातूनच ते हे विचारायचे. वहिनी होत्या तेव्हापासून मीही भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. "मला वाटायचं, पोरगं चांदण्यांत हरवलं. बाप कुठं हाय, त्याला ठावंबी न्हाई. आन बघतो तर साऱ्या आकाशाच्या टोकाला मीच बसलेला. म्हणलं हे सितारामला दाखवायलाच पाहिजे."

"शुक्रवारी दाखवणार होतो मी," नचिकेत म्हणाला. "तुमाला. सगळ्यांच्या आधी. खुर्चीवर बसवून. म्हणून लपवत होतो हो बाबा."

"मग मी सगळ्यांच्या आधीच बघितलं की! लढून बघितलं!" गोविंदराव एकदम ताठ झाले. "खुर्चीवर बसून फुकटात न्हाई!"

तेवढ्यात नचिकेतचा फोन वाजला. पुण्याची कंपनी. त्यानं घेण्याआधी गोविंदरावांनी तो हातातून काढून घेतला.

"हॅलो. गार्ड बोलतोय, पूर्णा. हां, व्हिडिओ माझ्या हातनं गेला. पोरीचा गुन्हा न्हाई, तिला तिथनं हलवायचं न्हाई. कुणाला काढायचं तर मला काढा. मी आधीच रिटायर हाय."

पलीकडच्या बाई बराच वेळ काही बोलल्या. गोविंदराव "हां, हां" म्हणत राहिले, मग फोन कानापासून दूर धरून आम्हाला म्हणाले, "हसायल्यात. म्हणतात, पानावर सगळे एकच इचारायलेत, टिटवी मागं का फिरली? उत्तर द्या म्हणतात. खेळ शुक्रवारीच."

हरिओमनं अशी आरोळी ठोकली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. सिद्धोधननं त्याला मिठी मारली. नचिकेत अर्पितासमोर जाऊन उभा राहिला.

"चुकलो."

"मोठ्यानं. खेळात आवाज लय बारीक ऐकू येतो."

"चुकलो म्हणलं ना! लय चुकलो. तुझ्या आईचीबी माफी मागतो, झरीला येऊन."

"आता कसं!" ती म्हणाली. "येताना मूग तोडायला हात घेऊन ये. साक्ष तिथंच मिळंल." मग तिनं माडीवर जाऊन खाली पडलेली पिशवी उचलली आणि एकेक वस्तू परत टेबलावर मांडली. मग ती खाली माझ्याकडं आली. "काकू, मघाशी बोलले ते..."

"मौन होतं माझं," मी म्हणाले. "ऐकलंच नाही काही."

उतू गेलेला चहा पुन्हा झाला आणि गोविंदरावांसकट सगळे तो घेऊन माडीवर गेलो. मला उपास होता, मी नुसता वास घेतला. तेवढ्यात अर्पिता टिटवीच्या पोटात कुठंतरी काहीतरी खुडबुडत होती. डावीकडचा ओढा तिनं काढला नाही, गोविंदरावांना म्हणाली, "तुमी मनगट कमवा." पण दुसरं एक काम तिनं चहा निवायच्या आत केलं. जो कुणी अख्खी वाट मागचा दिवा लावून येईल, टोळ्यांवर टोळ्या अंगावर घेऊन येईल, त्याला गडातला म्हातारा वेगळं काही बोलेल.

"काय बोलंल?" हरिओमनं माइक पुढं ओढला. सवयीनं माझ्याकडंच.

मी तो गोविंदरावांच्या तोंडाशी सरकवला.

ते खाकरले. डाव्या हातात नसलेला दिवा त्यांनी उंच धरला.

"दिवा दिसला," ते म्हणाले. "गाडी पुरी आली. या."